पपईची बशी

गेल्या आठवड्यापासून रोज सकाळी चहाच्या आधी माझ्यासमोर पपईची बशी येते. साल काढलेल्या नीटस फोडी, वर चिमूटभर मिरपूड.

"पोटाला चांगली असते, डोळ्यांना चांगली, रक्तालाही चांगली," बायको सांगते. काल त्यात हृदयाचीही भर पडली.

मला संशय येतो तो या गुणांचाच. लहानपणी आमच्या मागच्या दारी पपईचं झाड होतं. पाखरांनी चोच मारली की पपई पिकली असं समजून आम्ही ती उतरवायचो आणि हात बरबटवून खायचो. तिचे गुण कुणी सांगितल्याचं आठवत नाही. हापूस खाताना तरी कुणी कुठे सांगतं? फळाचे गुण कानावर येऊ लागले की खुशाल समजावं, ते आता फळ राहिलेलं नाही.

माझे तपासणीचे रिपोर्ट आणायला ती एकटीच गेली होती. "सगळं ठीक आहे हो," असं आल्या आल्या म्हणाली आणि पिशवीतून पपई काढून ओट्यावर ठेवली.

आज मी बशी तिच्यापुढे सरकवली. "एवढी गुणाची आहे, तर तूही खा की."

"मला काय झालंय?" ती पटकन बोलून गेली. मग पाठ फिरवून पुसलेलाच ओटा पुन्हा पुसू लागली.

मी बशी माझ्याकडे ओढली आणि सगळ्या फोडी संपवल्या.

"गोड आहे," मी म्हणालो. तिने मागे वळून पाहिलं नाही.