महादेवप्पाच्या मोटारीला ओवाळलं तेव्हा

सोलापूर स्टेशनाबाहेर टांगा हाकण्यात उमर घालवलेला महादेवप्पा घोडा विकून मोटारवाला झाला, आणि त्याच्या चालण्यात राजाचा रुबाब आला. अक्कलकोटची माणसं बसली की तो भोंगा असा वाजवी, जणू आता नाटकाचा पडदाच उघडतोय.

विम्याचा एजंट हिंदुराव ओट्यावर बसून समजावू लागला. "हे बघा मालक, पयला विमा दुसऱ्यांसाठी. तुमच्या मोटारीनं कुणाला लागलं, कुणाचं मोडलं, तर कंपनी भरून देती. तुमच्या गाडीला कायबी न्हाय. दुसऱ्या विम्यात तेवढं हायच, वर तुमच्या गाडीची आग आनि चोरी. तिसरा सगळ्याचा. तुमी सोता झाडावर आदळला तरी भरपाई."

"मी आदळीन व्हय? घोडं सांभाळलंय मी! मधला द्या."

"आवो, घोडं झाड बघून वळतं," आतून बायको अक्कम्मा म्हणाली. "मोटारीला डोळं कुटं हायत?"

पण मधलाच ठरला.

दसरा आला. घोड्याला अक्कम्मा दरसाल तोंडापासून शेपटापर्यंत ओवाळायची. मोटारीलाही तोच मान. झेंडूची माळ घातली, तबकात कापूर पेटवला, मोटारीच्या पुढच्या दिव्यांपाशी ओवाळलं आणि ती मागं गेली. मागच्या टाकीत महादेवप्पानं नुकतंच डब्यातून पेट्रोल ओतलं होतं. थोडं सांडलंही होतं. भडका उडाला! अक्कम्मा तबक टाकून मागं सरली म्हणून वाचली. तिनं आणि शेजाऱ्यांनी माती टाकून आग विझवली, तोवर छताचा कापडी टप आणि मागची गादी जळून गेली होती.

महादेवप्पानं जळकी गादी उचलून बघितली. घोडा नाही, मोटार नाही. कंपनीनं हात वर केले तर म्हातारपणी दुसऱ्याचा टांगा हाकायचा.

"घरच्यांनीच पेटवली म्हटल्यावर कोन भरून देनार?" तो बायकोला म्हणाला. "इंजनातनं ठिणगी उडाली म्हनायचं. तू गप ऱ्हायचं."

हिंदुराव कंपनीच्या साहेबाला घेऊन आला. महादेवप्पानं घसा साफ केला. "साहेब, इंजनातनं एकदम ठिणगी..." साहेबानं पुढचं झाकण उघडलं. आत धुराचा डागही नव्हता. महादेवप्पा उगाच झाकण पुसू लागला.

अक्कम्मा पदर सावरत पुढं आली. "साहेब, इंजन बिचारं गप हुतं. मीच कापूर ओवाळला."

"मुद्दाम पेटवली का, बाई?"

"सणाच्या दिवशी? लेकरावानी मोटार, मुद्दाम कोन जाळंल?"

साहेब हसला. "मग हा अपघातच. घरच्या माणसाच्या हातून चुकून लागली, तरी आग ती आगच. तुमच्या विम्यात ती आहे. मुद्दाम लावली असती तर काही मिळालं नसतं. आणि महादेवप्पा, ती ठिणगीची थाप कागदावर आली असती, तर होतं तेही गेलं असतं."

महादेवप्पानं मोटारीचं झाकण खाली लावलं. आग लागल्यापासून त्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता. "अक्कम्मा," तो म्हणाला, "पावण्यांना भाकरी-चटणी वाढ. मलाबी वाढ, लई भूक लागलीया."

जेवताना त्यानं साहेबाला सगळी हकीकत सांगितली. आपण माती आणायला कसे पळालो ते दाखवायला तो ताटावरून उठला, धोतर सावरत अंगणात पळाला.

"पळाला कुटं?" अक्कम्मा म्हणाली. "मातीच्या पाट्या मी आनि शेजारी टाकत हुतो. ह्ये नुसतं वरडत हुतं."

"व्हय, वरडलो की," महादेवप्पा कबूल झाला, आणि हसत पुन्हा ताटावर बसला.