विहिरीतलं वरचं पाणी

माझा स्वभाव मुळातच संशयी. कलिंगड कापून दाखवल्याशिवाय मी घेत नाही. बायको म्हणते, लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हाही तुम्ही वाकून बघत होता, मुलगी तीच आहे ना म्हणून. तरीही ज्या कंपनीची टाकी फुटून काळं तेल कन्हेरीच्या ओढ्यात गेलं, तिचे शेअर निवृत्तीनंतर मीच घेतले होते. चांगली कंपनी म्हणून!

ओढ्याच्या काठाला आक्काची विहीर आहे. आक्का माझी थोरली बहीण. तेल झिरपलं तसं म्हशींनी त्या पाण्याला तोंड लावणं सोडलं. कंपनी रोज टँकर पाठवायची, पण विहीर स्वच्छ ठरली की टँकर बंद होणार होता. म्हणून तपासणीच्या दिवशी आक्कानं मला बारामतीहून मुद्दाम बोलावून घेतलं. "तुजी नजर बारीक हाय," म्हणाली.

कंपनीचा साहेब हसतमुख होता. असा माणूस दिसला की मी आधी खिसा चाचपतो. त्यानं मोटार चालू करायला लावली आणि पाइपातून पडणाऱ्या पाण्याखाली बाटली धरली. पाणी अगदी नितळ. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मोटार पाणी ओढते तळातून, आणि तेल तर वर तरंगतं.

"साहेब, वरचं घ्या. बादलीनं."

"सर, आमची पद्धत हीच आहे."

"मी तुमच्या कंपनीचा भागधारक आहे. विचारायचा हक्क आहे मला," मी जरा छाती फुगवूनच म्हणालो.

साहेबाचा चेहरा खुलला. "मग तुम्ही तर आपलेच की! बभ्रा झाला तर शेअर आपटेल, सर. नुकसान कुणाचं?"

मी भडकलो. "वरचं घ्या म्हणतो ना!"

आक्कानं बादली सोडली. वर आली ती तेलाचा तवंग घेऊनच. साहेबानं त्यातून दुसरी बाटली भरली आणि गाडीत बसला. मला वाटलं, जिंकलो.

तो गेल्यावर आक्कानं बादलीतल्या उरलेल्या पाण्यानं घरची एक बाटली भरली, बूच घट्ट लावलं.

"दे, मी पुण्याला तपासून आणतो," मी हात पुढं केला.

"त्यांच्यात तुजाबी वाटा हाय, व्हय?"

"आहे थोडा. पण आक्का..."

"ऱ्हाऊ दे मग. माज्या पोरीच्या हातनं धाडते," म्हणाली आणि बाटली पदराखाली धरून घरात गेली.