भागरथाबाईचे चार फेरे

भागरथाबाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती धावत होती, आणि मला वाटलं, खाणीत अपघात झाला.

चिखल्याच्या मँगनीज खाणीच्या पाळणाघरात नोकरीला लागून मला दोनच दिवस झाले होते. शहात्तर-सत्त्याहत्तरची गोष्ट असेल. मी एकवीस वर्षांची, भंडारा शहरात वाढलेली. खाण म्हणजे काहीतरी कोसळण्याची जागा, एवढंच मला ठाऊक. खिडकीतून बघते तर एक बाई लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, काळ्या धुळीनं माखलेली, चढावरून सुसाट येत होती. मी अनवाणीच दारात गेले.

"काय झालं? कोणाला लागलं?"

"कोनाले काय लागन?" ती मला बाजूला सारून आत शिरली. "पोरीले भूक लागली असन ना!"

आणि तिसऱ्या पाळण्यातली सुनंदा उचलून ती भिंतीला टेकून बसलीसुद्धा.

पुरुष खाणीत उतरून माल काढत आणि वर आवारात बायका तो हातोडीनं फोडून चांगला दगड आणि टाकाऊ दगड वेगळा करत. ज्यांची पोरं अंगावर पीत, त्यांना दिवसातून दोनदा पंधरा मिनिटांची सुट्टी मिळे. आवारापासून पाळणाघर एका टेकाडाच्या पलीकडे. चालत यायला पाच मिनिटं, जायला पाच; लेकराच्या वाट्याला उरली पाच. बाकीच्या बायका तेवढ्यात भागवत. भागरथा धावत येई, धावत जाई, आणि सुनंदाला पुरी अकरा मिनिटं मिळत. हा हिशेब तिनंच मला बोटांवर करून दाखवला होता. "चालन्यात येळ जाते बाई. धावन्यात उरते."

सुनंदाचं दूध तुटलं, ती शाळेत जायला लागली, तरी भागरथाचं धावणं काही सुटलं नाही. गोबरवाहीच्या बाजाराला ती धावत जाई आणि डोक्यावर टोपली नसेल तर धावतच येई. "चाललं का कंबर दुखते," म्हणायची. वसाहतीतली कुत्री अनोळखी माणूस धावताना दिसला तर पाठ सोडत नसत. भागरथा गेली तर डोकं उचलूनही बघत नसत. धावता धावता ती बोलतही असे. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या घरी पाहुणे आले, हे सगळं तिच्याकडून मला दारातल्या दारात, ती पुढं निघून जाईपर्यंत कळे.

खाणीच्या वार्षिक खेळांत बायकांसाठी लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची असायची. एका वर्षी कल्याण अधिकारी म्हणून देशकर साहेब आले. त्यांनी बायकांची धावण्याची शर्यत ठेवली, मैदानाला चार चकरा. भागरथा पहिली आली यात नवल नव्हतं. नवल हे की चार चकरा झाल्यावरही ती थांबेना. साहेबांनी शिट्टी वाजवली, हात केले. ती सहावी चक्कर मारताना ओरडली, "साहेब, आत्ता तं पाय मोकये झाले!"

देशकर साहेबांना स्वतःला धावण्याचा नाद होता. मुंबईत मोठी मॅरेथॉन होते, हजारो लोक धावतात, बायकासुद्धा, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. बेचाळीस किलोमीटर. तिनं विचारलं, "म्हनजे कोठपावेतो?" साहेब म्हणाले, "इथून तुमसरच्याही पुढं." ती म्हणाली, "वापस याचं का तेथीच राहाचं?"

अर्ज भरला. आता घरच्यांची परवानगी. सासू चुलीपाशी बसली होती. "तेथी जाऊन काय करतेस?"

"धावतो."

"येथी काय कमी धावतेस?"

तिचा नवरा श्रावण खाणीत खाली काम करी; दिवसाकाठी चार शब्द बोलणारा माणूस. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई संग आहेत तं जा." बस. भागरथाबाई माझ्या भरवशावर मुंबईला निघाली.

साहेबांनी तिला पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन दिले. तेव्हापर्यंत तिच्या पायात टायरच्या चपलांशिवाय काही आलं नव्हतं. त्या बुटांवर ती अशी भाळली की काही विचारू नका. महिनाभर ते घालून तिनं सराव केला, रोज खडूनं पांढरे केले, आणि तुमसर रोड स्टेशनपासून मुंबईपर्यंतच्या प्रवासात पाय वर घेऊन बसली. खाली ठेवले तर मळतील म्हणून. गाडीतला एक म्हातारा म्हणाला, "बाई, झोपताना तरी काढा." ती म्हणाली, "काढून कोठी ठेवू? तुमी नेले तं?"

साहेबांच्या मेहुण्याकडे, गिरगावात उतरलो. सकाळी तिथूनच चालत शर्यतीच्या जागी गेलो. एवढी माणसं मी भंडाऱ्याच्या मंडईतही पाहिली नव्हती. छातीवर लावायला नंबराचं कापड मिळालं. ते ब्लाउजवर लावलं तर पदराखाली झाकलं जातं, आणि पदरावर लावलं तर खांद्यावर जातं. टेबलामागचा तरुण वैतागून म्हणाला, "साडीत धावणार तुम्ही?"

"मंग कायमदी धावू?" भागरथानं अगदी मनापासून विचारलं.

शेवटी पदर घट्ट खोचून त्यावर चार पिना लावल्या. ती रांगेत मागं जाऊन उभी राहिली. शेजारच्या गोऱ्या उंच बाईनं हसून हात पुढं केला, तर हिनं दोन्ही हात जोडून "जयभीम" केला. बार उडाला आणि तो सगळा लोंढा निघाला. शेवटी मला दिसले ते तिचे पांढरे बूट.

पुढचं मी पाहिलं नाही. ते तिनंच परतीच्या गाडीत मला सांगितलं.

पहिले काही मैल मजेत गेले. कोणी संत्र्याच्या फोडी देत होतं, कोणी पाणी. एका पोरीनं ओला स्पंज हातात दिला. लोक तो डोक्यावर पिळून फेकत होते. हिनं पिळला आणि कमरेला खोचला. "भांडे घासाले चांगला होता, काहून फेकू?" असे तीन स्पंज तिनं चिखल्याला आणले. मग उजवीकडे समुद्र आला. तिनं तो कधी पाहिला नव्हता. आमच्याकडे पाणी म्हणजे तलाव, आणि तलाव म्हटला की त्याला मातीची पाळ असायचीच. ती शर्यत सोडून कठड्यापाशी गेली आणि तिथं बसलेल्या एका माणसाला विचारलं, "याची पाळ कोठी आहे?" त्यानं सांगितलं, पाळ नाही. "मंग पानी राहाते कसं?" तो माणूस तिला भरती-ओहोटी समजावत बसला. या चर्चेत तिची बरीच मिनिटं गेली असणार.

अर्ध्याच्या पुढं पायात गोळे आले. नवे बूट टाचांना लागत होते, पण काढले नाहीत. मागून एक गाडी आली. ज्यांना जमत नव्हतं त्यांना त्या गाडीत बसवत होते. गाडीतला माणूस म्हणाला, "बाई, बसा आता. रस्ता उघडणार आहे." ही म्हणाली, "मी बसाले नाई आली." गाडी बराच वेळ तिच्या मागं मागं चालली. आत बसलेलेही तिला म्हणू लागले, या ना, जागा आहे. "मले तं रडू येऊन राहिलं होतं बाई," तिनं मला सांगितलं. "पन मी मनलं, रडाचं तं धावता धावता रडू. थांबून काहून रडाचं?" शेवटी गाडी पुढं निघून गेली. रस्त्यावर मोटारी सुटल्या. ती फूटपाथवरून धावत राहिली, पोलिसांना रस्ता विचारत.

इकडे मी शेवटच्या रेषेपाशी उभी. पाच तास झाले. मंडप उतरवायला लागले, पताका गोळा झाल्या. श्रावणचे ते शब्द माझ्या कानात वाजत होते. या अफाट शहरात ती कुठं पडली असेल, कोणत्या दवाखान्यात असेल? मी जागा सोडली. औषधोपचाराच्या तंबूत विचारलं, चौकीत विचारलं. रडवेली होऊन तासाभरानं परत आले तर भागरथा फूटपाथच्या कडेला केळं खात बसलेली. शेजारी झाडूवाली बाई, तिच्याशी गप्पा रंगलेल्या.

"कोठी गेल्त्या बाई?" ती मलाच म्हणाली. "मी तुमाले केव्हाची हुडकून राहिली!"

ती रेषेवर पोचली तेव्हा टेबलं घडी होऊन टेम्पोत चढली होती. प्रमाणपत्र देणारं कोणी नव्हतं. आपल्या माणसांपैकी बघणारं एक मी, तर मी चौकीत. मी कोणाला तरी भेटू, कागद मागू, म्हणून उठले तर तिनं हात धरून खाली बसवलं. "कागद कायले? पाय माह्यापाशी आहेत."

पण चिखल्यात कागद लागला. गाव गोळा झालं, देशकर साहेबांनी हार आणला. माल वेचणाऱ्या बायकांवर पटले नावाचा मुकादम होता. माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्याचं कौतुक त्याला पचत नसे. त्यानं विचारलं, "सर्टिफिकेट कोठी आहे?" सगळं ऐकून घेतल्यावर तो हसला. "मंग गाडीत बसून आली असन. कोनं पाह्यलं?" आणि माझ्याकडे वळला. "बाई, तुमी तं होत्या ना तेथी? तुमी पाह्यलं तिले येताना?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. भागरथाही. 'हो' म्हणायला काय लागत होतं? ती धावली याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पण मी पाहिलं नव्हतं. माझ्या तोंडून "नाही" निघालं. गर्दीत कुजबुज सुरू झाली. हार साहेबांच्या हातातच राहिला.

त्या दिवशी दुपारी मी तोंड लपवून पाळणाघरात बसले होते. भागरथा आली, त्या दिवशी ती चालत आली. मी माफी मागायला लागले तर म्हणाली, "काहून? तुमी खरं बोलल्या. माह्यासाठी लबाड बोलल्या असत्या, तं माह्यं खरं बी लबाड झालं असतं." मग जरा थांबून, "पन पटलेले मी सोडत नाई."

तिनं मुकादमाला निरोप धाडला. येत्या रविवारी ती चिखला ते गोबरवाही जाणार आणि परत येणार. जाऊन-येऊन दहा-साडेदहा किलोमीटरचा एक फेरा. असे चार फेरे. मुकादमानं सायकल घेऊन मागं यावं आणि ती कुठं बसते ते बघावं.

हिवाळ्यातली सकाळ होती. अख्खी वसाहत रस्त्यावर. मी पाळणाघराच्या ओट्यावर गजराचं घड्याळ आणि खडू घेऊन बसले. या वेळी जागा सोडायची नाही, असं ठरवून. भागरथा त्याच बुटांत, टाचांना चिंध्या बांधून. पटले छत्री, डबा, कानाला मफलर असा लवाजमा घेऊन सायकलवर. पहिला फेरा झाला तेव्हा तो तिला काही सूचना देत होता. दुसऱ्या फेऱ्यात ती बोलत होती आणि तो गप्प होता. तिसऱ्यात त्याची चेन पडली. ती जागच्या जागी पाय हलवत थांबली, चेन बसल्यावर म्हणाली, "चाला मुकादम," आणि निघाली. श्रावण तांब्या घेऊन फाटकापाशी उभा होता. ती आली की पाणी देई, दोन पावलं तिच्याबरोबर धावे, की पुन्हा जागेवर.

चौथ्या फेऱ्याला दोघं गेली. ऊन चढलं. बराच वेळ कोणी दिसेना. मग चढावर एकटी भागरथा आली. खूप हळू, एका बाजूला झुकलेली, पण धावतच. पोरं ओरडायला लागली, बायका हातोड्या घेऊन डबे बडवायला लागल्या. मी चौथी रेघ ओढली. तिची सासू पुढं झाली आणि तिचे बूट सोडायला खाली बसली.

आणि मुकादम? तो अर्ध्या तासानं आला. गोबरवाहीकडून येणाऱ्या एका बैलगाडीत, भाताच्या तणसावर बसून, सायकल मागं आडवी टाकलेली. गाडी थांबली. लोक वाट बघत होते. पटले सावकाश उतरला, मफलर काढला आणि मोठ्यानं म्हणाला, "मी बसलो. ते नाई बसली."

हशा इतका झाला की बैल बिथरले. देशकर साहेबांनी तो सुकलेला हार जपून ठेवला होता. तो पटलेनंच तिच्या गळ्यात घातला. त्यानंतर भागरथाची गोष्ट सांगण्यात त्याच्याइतका पटाईत माणूस वसाहतीत दुसरा नव्हता. दर वर्षी त्याच्या गोष्टीत एक फेरा वाढे. भागरथा त्याला अडवायची, "चारच होते मुकादम!" तो म्हणायचा, "तुले काय मालूम? तू तं धावून राहिली होती."

पुढं मला आसगावच्या शाळेत मास्तरीण म्हणून जागा मिळाली आणि चिखला सोडायची वेळ आली. निघायच्या दिवशी पहाटे भागरथानं दार वाजवलं. "बाई, एक डाव माह्यासंग धावा ना."

मी कधी धावले नव्हते. भंडाऱ्यात मुली फ्रॉकमधून साडीत गेल्या की धावणं संपायचं. मी नाही-नाही म्हणत साडी खोचली. अंधार विरत होता, धानाच्या बांध्यांवर धुकं होतं. पहिल्या वळणालाच मला धाप लागली. "बोलत धावा," ती म्हणाली, "बोललं का दम नाई लागत." मी काय बोलू? मी आसगावबद्दल बोलले. नवं गाव, नवी माणसं, मला जमेल का नाही याची धास्ती. ती ऐकत होती, आणि तिनं आपला वेग माझ्याइतका कमी केलाय हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

तलावाच्या पाळीपाशी मी थांबले. पोटात कळ आली होती, डोळ्यांत पाणी. कसलं, ते मलाही सांगता आलं नसतं. मागं वळून पाहिलं तर वसाहत चिमुकली दिसत होती. एवढं अंतर मी धावले होते.

"पाह्यलं?" ती म्हणाली. "आन् तुमी मनत होत्या, जमत नाई."

मग तिला कामाच्या वेळेची आठवण झाली. आवारात पोचायचं होतं. तिनं माझ्या खांद्यावरची धूळ झटकली, "पोचल्यावर चिठ्ठी टाका, सुनंदा वाचून दाखवन," म्हणाली, आणि निघाली. मी तिथंच उभी राहून तिला दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले. मग बसच्या वेळेला अजून अवकाश होता, तरी मीही परतीचा रस्ता धावतच गाठला.