टोकाची हिरवी गल्ली

“नळ काय, खिळ्यासारखा कुठंही ठोकता येतो, पाणी यायला मागं कुणीतरी असावं लागतं,” असं चावीवाले एकदा म्हणाले होते. बावीस वर्षं ते भागाला पाणी सोडत आले. रस्त्यातलं झाकण उचलायचं, कमरेएवढी लोखंडी चावी आत घालायची आणि सगळं अंग पिळून फिरवायची. पाणी सगळीकडे जायचं, त्यांच्याच गल्लीत तेवढं पोचायचं नाही. गल्ली टोकाला, चढावर. बादल्या वाहून बायको कमरेतून मोडलेली. नव्या लाइनसाठी जोडे झिजवले, तेव्हा कुठं यंदा गल्लीचं नाव यादीत चढलं.

मुलगी कॉलेजात. तिच्या गटानं पाणीपुरवठ्याची पाहणी केली, पहिला फॉर्म तिनं घरीच भरला.

“घरात नळ आहे का? हो.”

“पुढं लिही की, थेंब येत नाही म्हणून.”

“बाबा, तेवढा रकानाच नाहीये.”

“म्हणजे फॉर्मही आपल्या नळासारखाच. कोरडा!” ते हसले होते.

कॉलेजातल्या सादरीकरणाला ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, मागच्या रांगेत बसले. पडद्यावर नकाशा उमटला. नळ असलेल्या गल्ल्या हिरव्या. त्यांचीही हिरवीगार. लेक घडाघडा बोलत होती. ती इतकं छान बोलते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

पुढं बसलेले पाणीखात्याचे साहेब खूश झाले. “मग या टोकाच्या गल्लीला नवी लाइन कशाला? नाव काढून टाकू.” तेवढ्यात त्यांची नजर मागं गेली. “अरे, आमचे चावीवाले! तुम्ही तिथलेच ना? नळ आहे ना घरात?”

ते उठले. “आहे साहेब, पण...”

“झालं तर! घरचीच साक्ष मिळाली.”

सभागृह हसलं. साहेब बोलले की थांबायचं, ही बावीस वर्षांची सवय. ते ‘पण’ पुरं करू शकेल असं सभागृहात एकच माणूस होतं, आणि माईक तिच्याच हातात होता.

“काही सांगायचंय का गं?” तिच्या वर्गाच्या मॅडमनी विचारलं.

मुलीनं बापाकडे पाहिलं. मग मॅडमच्या पुढ्यातल्या गुणांच्या कागदाकडे.

“नाही, मॅडम.” तिनं पुढचं चित्र लावलं.

चावीवाल्यांनी खुर्ची आवाज न करता मागं सारली आणि ते बाहेर पडले.