मागच्या सीटवरचा फुगा

गाडीच्या छताचं कापड सुटून लोंबायला लागलं तेव्हा भाचा म्हणाला, "आत्या, तू गाडी चालवतेस की मच्छरदाणीत झोपतेस?" हसून घेतलं आणि मग मुद्द्यावर आला. गाडीला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं त्यानं. आधी छत करून घे, मग विकू. माझे डोळे अधू झालेत, असं त्याचं म्हणणं. माझं म्हणणं विचारतंय कोण? जन्मभर नर्स म्हणून दुसऱ्यांची दुखणी काढली, आता घरात मी आणि बाहेर ही गाडी, एवढाच माझा संसार. पण म्हटलं, जाऊ दे बाई, कटकट नको.

गाडी टाकली सीटवाल्या काकांकडे. त्यांना सगळे सीटवाले काकाच म्हणतात, नाव कोणाला ठाऊक नाही. पूर्वी दुकानात काकूही असायच्या. काका बोलायचे नाहीत आणि काकू थांबायच्या नाहीत. हेच छत फार वर्षांपूर्वी दोघांनी मिळून केलं होतं. ते काम दोघांचंच. छताचा पुठ्ठा बाहेर काढायचा, पुठ्ठ्याला आणि कापडाला चिकटवायचं सोल्युशन लावायचं, ते जरा सुकू द्यायचं, मग एकानं कापड ताणून धरायचं आणि दुसऱ्यानं मधून कडेला तळहात फिरवत जायचं. तळहात काकूंचा. हात चालू, तोंडही चालू.

काकू गेल्यापासून काका एकटेच करतात. कापडाचं दुसरं टोक चिमट्यांनी धरून ठेवतात. शिलाई मशीनशेजारचं काकूंचं स्टूल अजून तिथंच आहे. जागा एवढीशी, तरी ते त्याला वळसा घालून जातात. मी म्हटलं, "काका, काम चोख हवं हं. गिऱ्हाईक नाकं मुरडणारं आहे." त्यांनी नुसती मान हलवली.

गाडी घेऊन निघाले. छत सुरेख झालं होतं. सिग्नलला थांबले, आरशात बघते तर काय, मागच्या सीटच्या वर कापडाला हा एवढा फुगा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक यायचं होतं. तशीच गाडी वळवली.

"काका, मी अर्धी आंधळी आहे म्हणून काहीही खपवाल होय? मागचा फुगा दिसला नाही तुम्हाला?"

"दिसला."

"मग?"

काकांनी हातातल्या फडक्याची घडी केली. मग म्हणाले, "हिचा हात आहे तिथं."

मला काही कळेना. मग तुटक तुटक त्यांनी सांगितलं. मागच्या वेळी सोल्युशन ओलं असतानाच काकूंचा तोल गेला आणि पुठ्ठ्यावर हात टेकला. काका खूप ओरडले. काकू हसून म्हणाल्या, "वरून कापड लागणार आहे, आत कोण बघतंय?" आता जुनं कापड ओढलं, त्याच्यामागच्या कुजलेल्या स्पंजचा भुगा झाडला, तर खाली तो हात. पाची बोटं. पुठ्ठा घासून स्वच्छ केल्याशिवाय नवीन कापड धरत नाही, हे मला शिकवायला नको होतं.

"दोनदा ब्रश घेतला हातात," काका म्हणाले. "मग त्यावर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवला आणि कापड लावलं. तेवढ्यापुरतं चिकटलं नाही." त्यांनी फळीवरून तारेचा ब्रश काढला. "तुमची गाडी आहे, ताई. पैसे घेऊन असं काम द्यायला नको होतं. तुम्ही म्हणाल तर आत्ता कापड काढून घासतो."

काकूंच्या स्टुलाला वळसा घालून ते गाडीकडे निघाले.

"ठेवा तो ब्रश खाली," मी खेकसले. मला दुसऱ्या कुठल्या आवाजात बोलता येत नाही, काय करू?

तिथूनच भाच्याला फोन लावला. "गाडी विकायची नाही."

"आत्या, वेड लागलंय का? माणूस उद्या येतोय!"

"चहा पाज आणि परत पाठव."

डोळ्यांचं काय, ते विचारायला त्यानं तोंड उघडलं आणि मी फोन ठेवला. डोळ्यांचं मलाही माहीत होतं. दिवसाउजेडी, हळूहळू, काकांच्या दुकानापर्यंत येण्याइतके ते अजून पुरतील.

मग मागचं दार उघडलं आणि म्हटलं, "बसा."

"कशाला, ताई?"

"बसा म्हटलं ना!"

काका चपला बाहेर काढून आत बसले. त्या गाडीत आजवर कोणी चपला काढून बसलं नव्हतं. मी पुढे बसले. आरशात ते दिसत होते, म्हणून आरसा बाजूला फिरवला. वर फुग्यावर हात टेकल्याचा बारीक आवाज आला.

"हिचा हात लहान होता," काका म्हणाले. "माझा बाहेर येतोय."

मी चावी लावली नाही.