फुटपाथ कोणत्या बाजूने

चैत्रात आमच्या पिंप्राळ्यात सकाळी सातलाच ऊन डोळ्यांवर येते, आणि त्या उन्हात कडुनिंबाच्या मोहराचा कडसर दरवळ, ओल्या सड्याचा गंध आणि शाळेच्या रिक्षांचा धूर सगळे एकदमच नाकात शिरते. याच वेळी माझी नात ईश्वरी, तिसरीतली, दप्तर पाठीला लावून कोपऱ्यावरच्या शाळेकडे निघते. शाळा हाकेच्या अंतरावर. पण तेवढ्या अंतरात तिला पाय टेकायला रस्त्याखेरीज जागा नाही, आणि रस्त्यावर केळीचे ट्रक, रिक्षा नि स्कूटरी यांची नुसती झुंबड. गेल्या वर्षी एका रिक्षाचा आरसा तिच्या कोपराला लागला. जखम किरकोळ होती, माझा जीव मात्र तेव्हापासून थाऱ्यावर नाही, आणि तेव्हापासूनच मी फुटपाथच्या मागे लागले.

फुटपाथ म्हणजे तरी काय, चार फरश्या आणि एक कड. पण नगरसेवक म्हणाले रस्ता बांधकाम खात्याचा, खाते म्हणाले हद्द महापालिकेची, आणि शाळेने कळवले की फाटकाबाहेरचे आमच्याकडे येत नाही. आमदारांच्या माणसाने निधी देऊ केला, तर फलकावर नाव कोणाचे यात उन्हाळा सरला. दोन गटांनी दोन वेगवेगळ्या दिवशी एकाच खड्ड्यापाशी भूमिपूजन केले, नारळ फोडला, खोबरे वाटले आणि सगळे घरी गेले. नारळ फुटला की काम झाले, अशीच आमच्याकडची समजूत असावी. ते खोबरे हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. खरे सांगते, फेकून द्यावेसे वाटले.

आमच्या बैठका संध्याकाळी आमच्याच ओट्यावर भरत. दिवसभर तापलेल्या शहाबादी फरशीवर पाणी मारले की वाफेबरोबर मातीचा वास यायचा, आणि मग शेजारचे नाना, निवृत्त वायरमन, आणि समोरच्या शिलाईवाल्या रुखसानाभाभी येऊन बसत. भाभींची मुलगी ईश्वरीच्याच वर्गात. प्रत्येक अर्जावर पहिली सही त्यांची असे. चहा होई, अर्ज लिहिला जाई, आणि कोणी खोडा घातल्याचे कळले की मी तावातावाने म्हणे, लेकरांपेक्षा लोकांना आपली जागा प्यारी.

अखेर निधी मंजूर झाला. अभियंता टेप घेऊन आला आणि शाळेपासून चुन्याच्या फक्कीची रेघ ओढत निघाला. रेघ सरळ होती, तिचा काही दोष नव्हता. नानांच्या ओट्यावर चढून ती उतरली आणि आमच्या ओट्याच्या मधोमध गेली.

"रेघ तं तुमना ओटावरतीन चालनी, अक्का," नाना हळूच म्हणाले.

आमच्याकडे घर बांधून झाले की ओटा पुढे काढायचा, हे दार बसवण्याइतके गृहीत असते. खालची जमीन कोणाची हे कोणी विचारत नाही. ह्यांनीही विचारले नव्हते. शेवटच्या आजारपणात हे याच ओट्यावर उशाशी रेडिओ घेऊन पडून असत. तो ओटा फोडायचा म्हटल्यावर विचार करायच्या आत मी बोलून गेले, "साहेब, समोरच्या बाजूने नाही का करता येणार?"

समोर भाभींची पत्र्याची शेड होती, शेडमध्ये मशीन, आणि मशीनवर त्यांचे घर चालते. रेघ बघायला बाहेर आलेल्या त्या वळून आत गेल्या. अभियंत्याने हात झटकले, म्हणाला, सगळे मिळून काय ते ठरवा आणि लेखी कळवा.

त्या संध्याकाळी बैठक झाली नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटली तेव्हा मी ओट्यावर एकटीच बसले होते. ईश्वरी आणि भाभींची मुलगी भिंतीच्या कडेकडेने येत होत्या. ओटा जवळ आला तशा दोघी थांबल्या, मागे वळून पाहिले, ट्रक जाऊ दिला, एकमेकींचा हात घट्ट धरला आणि रस्त्यात उतरून ओट्याला वळसा घालू लागल्या. किती सराईतपणे. मी वर्षभर इथेच बसून अर्ज लिहीत होते.

ईश्वरीने मला हात केला. मी उठून खाली उतरले, त्यांच्यापाशी रस्त्यात येऊन उभी राहिले, आणि समोरच्या शेडमधली मशीन कालपासून बंद असल्याचे तेव्हा माझ्या ध्यानात आले.