कापराच्या डबीतल्या गोळ्या

मनाच्या आजारावरची माझी गोळी एकदा गणपतीच्या आरतीत गेली. त्याला कारण माझा अतिशहाणपणा. तेव्हा नुकतीच साठी ओलांडली होती, म्हणजे आजच्या मानाने पोरच होते, आणि अक्कलही तेवढीच.

त्या वर्षी भात शिजायला टाकून गॅससमोर रडत उभी राहायचे. कारण विचाराल तर काही नाही. पेणमध्येही डॉक्टर होते, पण पेणमध्ये ओळखणारेही होते! घरी सांगितलं, "वन्संकडे जाऊन येते," आणि रोह्याची गाडी धरली. वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. त्यांच्या दारावरून गेले, आत मात्र पाऊल टाकलं नाही. थेट डॉक्टरीणबाईंकडे.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं, उदासीनतेचा आजार आहे म्हणाल्या, गोळी लिहून दिली. "गुण यायला काही आठवडे लागतील. आपल्या मनाने बंद करायची नाही." मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

घरी येऊन सगळ्या गोळ्या पाकिटातून काढल्या, कापराच्या रिकाम्या डबीत भरल्या आणि डबी देव्हाऱ्यामागे सारली. पांढऱ्या, चपट्या. कोणाला संशय येणार? हळूहळू झोप लागायला लागली, भाताला चव आली. तेवढ्यात गणपती आठवड्यावर आले. घर पाहुण्यांनी भरलं, देव्हाऱ्यापाशी सतत कोणीतरी. मग काय, बाईसाहेबांनी गोळीच बंद केली. गौरी येईपर्यंत मी पुन्हा गॅससमोर, डोळ्यांना पदर लावून.

त्या संध्याकाळी आरतीला सुनेने नेमकी माझी डबी उचलली. काडीवर काडी ओढते, कापूर पेटेल तर शपथ.

"आई, दमटलाय हो कापूर!"

वन्सं रोह्याहून आल्या होत्या. त्यांनी ताटात वाकून पाहिलं, गोळी उचलून पदराच्या गाठीला बांधली, दुसरी डबी शोधून कापूर पेटवला आणि असा खडा सूर लावला की बाकीचे सगळं विसरून टाळ्या वाजवायला लागले.

जेवताना सून म्हणाली, "आत्या, आई श्रावणात तुमच्याकडे येऊन गेल्या ना, तेव्हापासून बऱ्या होत्या. आताच काय झालं कोण जाणे."

माझा घास हातातच राहिला. वन्संनी एकदाच माझ्याकडे पाहिलं.

"व्हय तर. चांगली दिवसभर होती माझ्याकडे."

मग भर पंगतीत त्यांनी पिशवीतून स्वतःचं गोळ्यांचं पाकीट काढलं; आत माझ्यासारख्याच पांढऱ्या, चपट्या गोळ्या. "पाणी दे गो कोणीतरी. माझी मनाची गोळी राहिली."

मुलगा दचकला. "मनाची गोळी, आत्या?"

"तू बीपीची घेतोस ना? मग! कितीतरी वर्षं घेते मी. तो भात सरकव इकडे."

सरकवला त्याने. कोणाच्या घशात घास अडकला नाही, कोणी उठून गेलं नाही. मी डबीत कोंडून ठेवलेली गोष्ट या बाईने भातावरच्या वरणासारखी सगळ्यांसमोर वाढली होती. आयुष्यभर मला त्यांचा धाक वाटला, त्या दिवशी पहिल्यांदा हेवा वाटला.

पंगत उठल्यावर ओट्यापाशी त्यांनी पदराची गाठ सोडली आणि गोळी माझ्या तळहातावर ठेवली.

"बाप्पाला कशाला भरवतेस गो? त्याला काय झालंय? उद्या सकाळी आपल्या डॉक्टरणीला फोन लाव, विचारून परत सुरू कर. आणि पुढच्या खेपेला रोह्याला आलीस की माझ्याकडे जेवून जा, नायतर मी खोटी पडेन."